चार बोटं बाहेर

२७ मार्च
उद्यापासून बेसबॉलचा सीझन. वय चौतीस, सीझन पंधरावा, गुडघे उत्तम. (डाव्यात पाणी आहे, पण ते जुनं.)

यंदा ध्येय एकच. १ सप्टेंबर. त्या दिवशी वरच्या, म्हणजे मोठ्या लीगमधल्या आमच्या मुख्य संघात दोन जागा वाढतात. एक पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, जाते. दुसरी बहुधा तिसऱ्या कॅचरला, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याला (मी तोच), आणि तिसरा कॅचर बॅटिंगसाठी नेत नाहीत, हातांसाठी नेतात. या लीगमध्ये माझ्यापेक्षा चांगले हात कुणाचे नाहीत. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात. म्हणायचे.

वर मी एकदा राहून आलोय. नऊ दिवस, सहा वर्षांपूर्वी. अकरा वेळा बॅट घेऊन उभा राहिलो, हिट एकही नाही. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. आकडेवारी अपुरी आहे.

संकल्प: रोज दोनशे चेंडू बॅटने. सूर्यफुलाच्या बिया कमी. बायकोला, रोवेनाला, रोज फोन.

२८ मार्च
थंडी इतकी की आमचा मॅस्कॉट, म्हणजे हेरनच्या, बगळ्याच्या, वेषातला माणूस, पंखांत गरम पाण्याची बाटली घेऊन फिरत होता. हरलो. मला हिट नाही. गोठलेल्या बोटांना बॅटचा अंदाज येत नाही.

नवा नियम लागू झाला. वहीत एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं समजायला बरं.

बॅटरच्या पुढे हवेत एक चौकोन. चेंडू त्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल; तीन स्ट्राइकला बॅटर आउट, चार बॉलला तो फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर. ठरवतो अंपायर, माझ्या खांद्यावरून वाकून. आणि अंपायरला काय दिसणार ते ठरवतो मी. चेंडू चौकोनाबाहेर चार बोटं असला तरी झेलता झेलता हातमोजा आत आणायचा, आणि तो हलला असं कुणाला वाटू द्यायचं नाही. पंधरा वर्षं यावर पोट चाललंय. एक म्हातारा अंपायर म्हणायचा, सोबोटका, तुझ्यामागे दोन तास उभा राहिलो की घरी बायकोचं खरं बोलणंही खोटं वाटतं.

आता यात मशीन आणलंय. अंपायरचा निर्णय पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचरने तिथल्या तिथे डोकं थोपटायचं. की मोठ्या पडद्यावर चेंडू खरा कुठून गेला ते दिसतं. सामन्याला प्रत्येक संघाला दोन चॅलेंज. खरे ठरलात तर चॅलेंज शाबूत, खोटे ठरलात तर एक गेलं.

आज तिसऱ्या डावात मी एक अप्रतिम स्ट्राइक आणला. बॅटरने डोकं थोपटलं. पडद्यावर चेंडू बाहेर. बॅटरने माझ्याकडे बघून डोळा मारला.

रोवेनाला फोन राहिला.

१ एप्रिल
विचार केला. मशीनला घाबरायचं कारण नाही. चॅलेंज कॅचरलाही करता येतं. आणि चेंडू कुठे होता हे कॅचरइतकं कुणाला कळणार? माझ्या हातात येऊन थांबतो तो.

आजपासून मी चॅलेंज करणार. वरचे लोक सगळं मोजतात, हेही मोजतील.

४ एप्रिल
दोन चॅलेंज केली. दोन्ही गेली. पहिलं अगदी थोडक्यात. दुसऱ्याच्या वेळी मशीन थंडीने आखडलेलं असावं.

प्रेक्षक मात्र खूश. दुसऱ्यांदा डोक्यावर हात नेला तेव्हा लोक उठून उभे राहिले. बचावाची जाण असलेलं गाव आहे.

१३ एप्रिल
आठपैकी सात हुकली. त्यातली तीन नैतिकदृष्ट्या माझी.

नवा कॅचर आलाय. एल्विन पेगेरो, वय बावीस. बॅट हातात आली की चेंडू कुंपणापलीकडे. पण हात म्हणजे लाकडाच्या फळ्या. चेंडू जिथे येईल तिथे धप्पकन धरतो आणि तसाच ठेवतो. कला नावाची गोष्ट नाही. आमचा मॅनेजर टार्प म्हणाला, सोबोटका, याला थोडं शिकव. सप्टेंबर डोक्यात आला. म्हणालो, शिकवतो, स्किप (मॅनेजरला सगळे स्किपच म्हणतात), पण अशा गोष्टी हळूहळू येतात.

पेगेरो मला आजोबा म्हणतो. म्हणतो, आजोबा, तुमची बोटं एवढी वाकडी कशी? म्हणालो, पंधरा वर्षांत प्रत्येक बोट दोनदा मोडलंय. म्हणाला, मग आता तरी मोडणं बंद करा ना.

उद्धट नाही. मोकळा आहे.

२२ एप्रिल
बसने साडेसहा तास. मोटेलची उशी दगडासारखी, म्हणून हिट नाही.

५ मे
संकल्पात बदल. दोनशेऐवजी शंभर चेंडू, पण मन लावून.

रोवेना म्हणाली, काल सामना बघितला, तू सारखं डोकं का बडवतोस? समजावून सांगितलं. म्हणाली, म्हणजे अंपायर बॉल म्हणाला, तू स्ट्राइक म्हणालास, आणि बॉलच होता? म्हणालो, मशीनच्या मते. ती म्हणाली, हं.

मग मी तिकडच्या पावसाचं विचारलं.  

१० मे
घरच्या मैदानावर आता माझ्या नावाची घोषणा सुरू झालीय. टॅप, सोबोटका, टॅप! डोक्यावर हात मारत ओरडतात, पोरंबाळं, म्हातारे सगळे. आज नवव्या डावापर्यंत मी एकही चॅलेंज केलं नव्हतं, तर लोक नाराज. शेवटी केलं एक. काय तो जल्लोष! हुकलं, तरी जल्लोष. हार-जितीपलीकडचं प्रेम आहे.

निघताना बघितलं, बरेच जण काडीवर खोचलेल्या खारवलेल्या काकड्या खात होते. या गावात काकडी फार खातात.

१९ मे
लीगच्या ऑफिसला पत्र पाठवलं. सभ्य भाषेत. मशीन साधारण चार बोटं चुकतंय आणि नेहमी एकाच दिशेने चुकतंय, असं उदाहरणांसह कळवलं.

३ जून
लीगचं उत्तर आलं. आपण बेसबॉलप्रेमी असल्याबद्दल आभार. सोबत शनिवारच्या सामन्याची दोन फुकट तिकिटं. आमच्याच सामन्याची.

पेगेरोला दिली. त्याची मावशी आलीय.

११ जून, सकाळ
ऑस्टरमन नावाचा एक गृहस्थ स्टेडियमच्या दारात भेटला. टोपी हातात. गावात त्याचं लोणच्यांचं दुकान आहे. म्हणाला, सोबोटकासाहेब, एक विनंती होती, रागावू नका. त्याने सीझनच्या सुरुवातीला संघाशी करार केलाय: आपल्या संघाचं चॅलेंज हुकलं की डाव्या बाजूच्या पाच रांगांना त्याच्याकडून काकडी फुकट. म्हणाला, मला वाटलं होतं आठवड्याला एखादं हुकेल. साहेब, माझी सप्टेंबरची पिंपं मे महिन्यातच रिकामी झाली. बायको आता बाजारातून काकड्या आणून रात्रंदिवस खारवतेय. जरा बघूनच थोपटा ना डोकं.

मी म्हणालो, मी नेहमी बघूनच थोपटतो.

तो म्हणाला, हो हो, तसं नाही, आणि एक बरणी देऊन गेला.

११ जून, दुपार
म्हणजे ती घोषणा काकड्यांसाठी होती असं मानायला जागा आहे. सगळीच नसणार. डाव्या बाजूच्या पाच रांगांपुरती. उजव्या बाजूचे लोकही ओरडतात, त्यांना काय मिळतं?

११ जून, सामन्यानंतर
चौकशी केली. पाचव्या डावानंतर उजवीकडचे लोक डावीकडच्या रांगांत येऊन बसतात.

२४ जून
टार्पने खोलीत बोलावलं. टेबलावर कागद. म्हणाला, बस. एकूण चॅलेंज छत्तीस, खरी ठरली पाच. अख्ख्या लीगमध्ये शेवटून पहिला तू. म्हणालो, स्किप, त्यातली अकरा अगदी थोडक्यात गेली. तो म्हणाला, माझ्या आजोबांचं जहाजही थोडक्यातच चुकलं होतं, ते आयुष्यभर बंदरात बटाटे विकत बसले.

मग म्हणाला, आजपासून तुझा हात खांद्याच्या वर गेला तर मी स्वतः मैदानात येऊन खाली घेईन. टोपी सरळ करायची असली तरी मला विचारायचं.

मान हलवली. मनात मान्य केलेलं नाही.

पेगेरोचा आकडाही कागदावर होता. सतरापैकी चौदा. योगायोग.

१ जुलै
हात बांधल्यासारखं वाटतं. आज एका चेंडूवर इतकी खात्री होती की उजवा हात हातमोज्याने दाबून धरला. अंपायरने विचारलं, काही लागलं का? म्हणालो, नाही, चालू द्या.

जिंकलो. संबंध नाही.

९ जुलै
आठ दिवसांत सहा विजय. संबंध नाही.

१५ जुलै
पेगेरोला विचारलंच. सहज विचारल्यासारखं. म्हणालो, तुला कसं कळतं रे कधी डोकं थोपटायचं? तो डब्यातला भात खात होता. म्हणाला, आजोबा, त्यात काय? चेंडू जिथे झेलतो तिथेच माझा हात असतो. बघायचं, आत आहे की बाहेर. तुम्ही झेलता एकीकडे, हात नेता दुसरीकडे, आणि मग तो दुसरीकडचा लक्षात ठेवता. तुमचा हात इतका सुरेख येतो की तुम्हालाच खरं वाटतं.

त्याला कलेतलं काही कळत नाही. जेवून उठलो.

त्याने मागून विचारलं, आजोबा, ते हात आत आणायचं मला कधी शिकवणार? तीन महिने झाले, तुम्ही फक्त माझे गुडघे वाकवून घेताय.

म्हणालो, गुडघे हा पाया आहे.

१६ जुलै
एक प्रयोग. सरावात मशीन लावून शंभर चेंडू झेलले. प्रत्येक वेळी आधी मी म्हणायचं आत की बाहेर, मग पडदा बघायचा. पडदा पेगेरोने बघितला. आकडा इथे लिहीत नाही. सरावाचं मशीन वेगळं असतं.

२८ जुलै
रोवेनाचा फोन. तिच्या गावच्या हायस्कूलला बेसबॉलचा कोच हवाय. मुख्याध्यापक तिचा आतेभाऊ. पगार ठीक, घर शाळेमागेच. १५ ऑगस्टपर्यंत कळवायचं. म्हणाली, तुझ्यासाठी धरून ठेवलंय त्यांनी. म्हणालो, सप्टेंबर होऊ दे. ती म्हणाली, ग्रेडी, गेली सहा वर्षं आपण सप्टेंबर होऊ देतोय. म्हणालो, यंदाचा वेगळा आहे. कसा? म्हणालो, वरच्या संघाचे दोन कॅचर आहेत, एकाच्या पाठीला त्रास आहे.

ती म्हणाली, तुझ्याही आहे.

५ ऑगस्ट
हिट! सरळ मध्यावरून. बॅट बदलली होती. आता हीच बॅट.

६ ऑगस्ट
बॅट मोडली.

१७ ऑगस्ट
तारीख बघताना लक्षात आलं, १५ होऊन गेली. शाळेला मुद्दाम कळवलं नाही असं नाही. बसमध्ये होतो. रोवेनाला फोन केला, तर म्हणाली, झालं, दिली ती जागा. कुणाला? गावच्या पोस्टमनला. त्याने कधी बेसबॉल खेळलंय का, विचारलं. म्हणाली, नाही, पण त्याने वेळेवर उत्तर दिलं.

२५ ऑगस्ट
सात दिवस उरले. वरच्या संघाचा माणूस स्टेडियममध्ये आलाय. राखाडी कोट, चष्मा, हातात वही. लॉकर-रूममध्ये सगळे एकदम सभ्य झालेत. कुणी जमिनीवर बिया थुंकत नाही.

पेगेरो फारशी झेपच घेत नाही, हे त्या माणसाने लिहून घेतलं असेलच. दोन चेंडू त्याच्या पायांतून गेले. वर असं चालत नाही. तिथे हात लागतात.

२९ ऑगस्ट
आज मी खेळलो. एकही चेंडू माझ्यामागे गेला नाही. बेस चोरायला धावणारे दोघे दुसऱ्या बेसवर आउट केले. कोटवाला लिहीत होता. मधेच तो काकडी खाताना दिसला. पेगेरोने बॅटिंग करताना एक चॅलेंज हुकवलं होतं. कुणाचंही हुकतं.

रोवेनाला म्हणालो, फोन जवळ ठेव. ती म्हणाली, ठेवते. तिचा आवाज बरा होता. बॅग अर्धी भरून ठेवलीय. नुसती आवरली, इतकंच.

३१ ऑगस्ट, सामन्यानंतर
जसं झालं तसं लिहितो.

घरच्या मैदानावर मी कॅचर. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे. दोन आउट, बेसवर एक माणूस, बॅटरला तीन बॉल, दोन स्ट्राइक. एक स्ट्राइक मिळाला की सामना संपला. एक चॅलेंज शिल्लक. कोटवाला पहिल्या रांगेत.

पिचरने बाहेरच्या बाजूला टाकला. मी आयुष्यात इतका सुंदर चेंडू झेललेला नाही. हातमोजा आत आला तो पाण्यावर तेल पसरतं तसा. सगळं थांबलं. अंपायर म्हणाला, बॉल.

हात माझा मी वर नेला नाही. तो गेला. हेल्मेटवर तीनदा थोपटलं.

डगआउटमधून, म्हणजे आमच्या बाकांकडून, टार्पचा आवाज आला. पूर्ण वाक्य नव्हतं. पडद्यावर चौकोन उमटला, मग चेंडूचा पांढरा ठिपका. चार बोटं नव्हे. अख्खी वीत बाहेर. मी पडद्याकडे बघत राहिलो आणि माझ्या डोक्यात तो चेंडू अजून आतच होता. अजूनही आहे, हे लिहिताना.

सगळं स्टेडियम नाचायला लागलं. डाव्या बाजूने लोक काकड्यांकडे पळाले.

बॅटर चौथ्या बॉलवर फुकट बेसवर गेला, आणि पुढच्या बॅटरने पहिलाच चेंडू कुंपणाबाहेरच्या हेरनच्या पुतळ्यापलीकडे मारला. हरलो.

लॉकर-रूममध्ये जाऊन बसलो. पेगेरोने माझ्या गुडघ्यावर बर्फ आणून ठेवला. मग टार्पचा निरोप आला: सोबोटका आणि पेगेरो, आत या.

कोटवाला तिथेच होता. टार्प माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, दोघांनाही वर बोलावलंय. उद्या पहाटेचं विमान.

मी म्हणालो, स्किप, त्या चेंडूबद्दल. तो म्हणाला, गप्प बस रे, पुढचं ऐक. मी बसलो. पेगेरो रडत होता, हसत होता, आईला फोन लावत होता. मी कोटवाल्याचा हात हातात घेतला. म्हणालो, तुम्हाला हातांची किंमत कळते. तो म्हणाला, हो, आम्हाला हातच हवे होते.

रोवेनाला इथूनच फोन केला. म्हणालो, दोघांनाही वर. ती इतकं मोठ्याने गेल्या सहा वर्षांत हसली नव्हती. मग ती रडली. फोन ठेवल्यावर टार्प म्हणाला, सोबोटका, आता पुढचं ऐकतोस का?

१ सप्टेंबर, विमानात
पुढचं असं आहे.

तिसरा कॅचर पेगेरो. वरच्या संघाच्या बुलपेनमध्ये, म्हणजे कुंपणामागे जिथे पिचर मैदानात उतरण्याआधी हात गरम करतात तिथे, त्यांचे चेंडू झेलणाऱ्या माणसाचा अंगठा मोडलाय. त्याच्या जागी मी. यादीत नाव नाही. बॅट लागणार नाही. मैदानात उतरायचं नाही.

टार्प म्हणाला होता, वाईट वाटून घेऊ नकोस, तिथे तुझ्यासारखे हात लागतात. मग जरा थांबून म्हणाला, आणि तिथे चॅलेंज नसतं.

रोवेनाला उतरल्यावर सांगेन. ती विचारेल, वर म्हणजे नक्की किती वर? उत्तर शोधतोय.

पेगेरो शेजारी झोपलाय. झोपण्याआधी म्हणाला, आजोबा, आता तरी शिकवाल ना?

संकल्प: शिकवायचं. गुडघे सोडून.

२ सप्टेंबर
शर्टवर नंबर आहे, अठ्ठ्याऐंशी. नाव शिवायला वेळ मिळाला नाही म्हणाले.

पाचव्या डावात पेगेरो आत गेला. बुलपेनच्या जाळीतून दिसत होतं. पहिल्याच खेपेला हिट. सातव्यात त्याने एकदा डोकं थोपटलं आणि खरा ठरला. चाळीस हजार लोक उठले. इथे काकडी मिळत नाही.

आठव्यात भिंतीवरचा फोन वाजला. डाव्या हाताच्या पिचरला तयार करा. मी मास्क न घालता नुसती टोपी घालून खाली बसलो. पहिले चार चेंडू बरे आले. पाचवा बाहेर आला. मी तो सवयीने आत आणला आणि धरून ठेवला. पिचर ओरडला, कुठे होता? म्हणालो, स्ट्राइक. तो म्हणाला, अरे बाबा, इथे अंपायर नाही, मला दोन मिनिटांत आत जायचंय, कुठे होता ते सांग.

माझा हात वर गेला. टोपीपर्यंत गेला. सगळे मैदानाकडे बघत होते. मी टोपी सरळ केली.

म्हणालो, बाहेर. चार बोटं.

तो म्हणाला, बरं, आणि पुढचा टाकला.